सुरी पुसून घे

प्रत्येक तुकड्यानंतर सुरी पुसायची.
गरम पाण्यात बुडवायची, निथळू द्यायची, पुसायची,
मग पुढचा.
हे सांगताना आईचा आवाज कंडक्टरसारखा व्हायचा.
होतीच ती कंडक्टर,
सेगेदच्या ट्रामवर एकोणतीस वर्षं.

आज तिच्याच पातेल्यात पाणी तापतंय.
खिडकीखाली तिसा नदी मार्चच्या गढुळानं फुगलेली.
आगोश्तोन बुडापेश्तहून आलाय, बूट न काढता.
किंगा मोबाईलवर घराचे फोटो बघतेय,
दलालानं काढलेले,
त्यात हे स्वयंपाकघर मोठं दिसतं
आणि कुणाचंही.

डोबोश केक मी केलाय.
सहा थर, कागदाहून थोडे जाड,
मधे लोण्यात घोटलेलं चॉकलेट,
आणि वर जाळलेल्या साखरेची काच.
ती काच गरम असतानाच कापावी लागते,
लोणी फासलेल्या सुरीनं, एका दमात.
नंतर बघू म्हटलं की संपलं,
मग तडा जातो, आणि तो आपल्याला विचारून जात नाही.
पहाटे साडेपाचला मी एकटीनं बारा फाका आखल्या.
फूटपट्टी घेऊन. हसू नका.

"आई होती तेव्हाच ठरवून टाकायला हवं होतं,"
आगोश्तोन म्हणाला.
कुणी काही बोललं नाही.
माझ्या हातात सुरी होती,
आणि पाणी उकळायला आलेलं.

टेबलावर केकशेजारी यादी.
पियानो. नदीकाठची बाग आणि तिच्यातलं अर्धं कोसळलेलं शेड.
चांदीचे चमचे, नऊ (तीन कधी हरवले त्यावर वेगळा वाद).
शिवणयंत्र कुणाला नको, म्हणून तिघांच्या नावावर.

मी सुरी बुडवली.
पहिला तुकडा निघताना मोडतोच.
कितीही हळू जा, त्याला बाहेर यायला जागा नसते.
आई तो स्वतःच्या ताटलीत घ्यायची,
"मला मोडकाच आवडतो," म्हणायची,
आणि आम्ही ते खरं मानून मोठे झालो.
आजही मोडला. क्रीम एकीकडे, काच एकीकडे.
तसाच सुरीच्या पात्यावर धरून मी उभी.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे देझो काका दारात,
वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन.
"एटेल्कानं नाताळात दिला होता. परत करायचा राहिला."
केक उचलायचा पसरट चमचा,
लाकडी मुठीला जुनी चीर, चिरेला काळा दोरा.
यादीत तो नव्हता.
आम्ही तिघांनी यादीकडे पाहिलं,
मग चमच्याकडे,
मग किंगानं पेन्सिल उचलली आणि खाली ठेवली.

काकांना बसवलं. त्यांना अखंड तुकडा,
उभा, सरळ, सगळे थर मोजता येतील असा.
झोम्बोरनं, किंगाच्या पोरानं, साखरेची काच आधी खाल्ली.
खोलीभर तो कडकड आवाज.
आणि आगोश्तोननं काही न बोलता
ती मोडकी ताटली स्वतःपुढे ओढली.
आवडतो का, मी विचारलं नाही.
त्यानं खाल्ला. सावकाश. क्रीम बोटानं पुसून.

पुढच्या तुकड्याआधी फडकं सापडेना.
ते खोक्यात गेलं होतं, सकाळीच चिकटपट्टी लावलेल्या,
"स्वयंपाकघर, किरकोळ" असं लिहिलेल्या.
माझ्या बाहीला पुसू का, मी म्हटलं.
किंगा उठली, नखांनी पट्टी फाडली,
वरचे डबे जमिनीवर ठेवले, खालपर्यंत हात घातला
आणि निळ्या चौकडीचं ते फडकं
माझ्याकडे न बघता पुढे केलं.

अजून दहा तुकडे होते.
खाणारे आम्ही पाच.
पाणी निवत आलेलं, ते परत गॅसवर ठेवलं.